हेडीसला ‘सैतान’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे : ग्रीक कथेवरच्या एका चित्रपटाची उपशीर्षके मराठीत करताना ‘हेडीस’ या मृतांच्या देवासाठी कोणता शब्द घ्यावा? यम, सैतान, की पाताळाचा राजा? पडद्यावर तो कपटी आणि सत्तेला हपापलेला दिसतो, म्हणून प्रश्नकर्त्यांना ‘सैतान’ सर्वांत जवळचा वाटतो.

तो शब्द घेऊ नका. पडद्यावर दिसतो तो हेडीस मुळात ग्रीकांचा नाहीच. भाषांतरात एका शब्दाची ओढाताण झाली, त्यातून तो घडला आहे. आपणही ‘सैतान’ लिहिले, तर त्या ओढाताणीत मराठीची भर पडेल.

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात वाटणीची हकिगत आहे. तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. देवांचा राजा झ्यूस याच्या वाट्याला आकाश आले, पोसायडनच्या वाट्याला समुद्र आणि हेडीसच्या वाट्याला काळोख. पृथ्वी आणि देवांचा पर्वत ऑलिंपस सामाईक राहिले. ही हकिगत सांगताना कुरकुर करतो तो पोसायडन. हेडीस आपल्या वाट्याबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि झ्यूसचे सिंहासन बळकावण्याचा त्याचा बेत जुन्या ग्रीक काव्यात मला कुठेही भेटलेला नाही. १९९७ च्या ‘हर्क्युलिस’ या चित्रपटात आणि २०१० च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’मध्ये मात्र सगळी कथा याच बेतावर उभी आहे. पहिल्यात तर आणखी एक अदलाबदल आहे. मूळ कथेत पाळण्यातल्या हेराक्लिसवर (हर्क्युलिसचे हे मूळ ग्रीक नाव) साप सोडते ती त्याची सावत्र आई हेरा. चित्रपटात हेरा प्रेमळ सख्खी आई झाली आणि साप होऊन येतात हेडीसचे हस्तक. तिचा अपराध सरळ याच्या खात्यावर जमा झाला. उलट मूळ कथेत हेराक्लिस हेडीसचा तीन तोंडांचा कुत्रा केर्बेरोस मागायला जातो, तेव्हा ‘शस्त्र न वापरता आवरता आला तर ने’ असे म्हणून हेडीस त्याला परवानगी देतो.

हेडीस निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पर्सेफोनीला त्याने रथात घालून पळवले, तेही झ्यूसच्या संमतीने. तिच्या आईच्या, धान्यदेवी डिमीटरच्या शोकाने पृथ्वीवर धान्य उगवेनासे झाले. त्याचा खरा अन्याय हा, आणि वर सांगितलेल्या दोन्ही चित्रपटांना त्याच्याशी काही देणेघेणे नाही.

मग तो सैतान कसा झाला? ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकात ज्यूंचे धर्मग्रंथ ग्रीकमध्ये उतरले, तेव्हा मृतांच्या वस्तीला असलेल्या ‘शेओल’ या हिब्रू शब्दासाठी ‘हेडीस’ वापरला गेला. देवाचे नाव त्याआधीच जागेचेही नाव होऊ लागले होते. ग्रीक माणूस ‘हेडीसच्या घरी गेला’ म्हणे, आणि पुढे त्यातले ‘घरी’ गळून नुसते ‘हेडीसच्या’ उरे. आपण ‘यमसदनी’ म्हणतो तीच ही कल्पना. बायबलाच्या नव्या करारात दोन वेगळे शब्द आहेत : हेडीस म्हणजे मृतांचे स्थान आणि गेहेन्ना म्हणजे अग्नीच्या शिक्षेचे स्थान. १६११ च्या इंग्रजी बायबलात दोन्हींना बहुतेक ठिकाणी ‘हेल’ हा एकच शब्द आला. जागा नरक झाली, मग तिचा राजा सैतान व्हायला कितीसा वेळ?

मराठी बायबलात मात्र हा भेद राखलेला आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. तिथे हेडीसला ‘अधोलोक’ आहे, गेहेन्नाला ‘नरक’. इतका नेमका शब्द हाताशी असताना आपण इंग्रजीच्या मागे का जावे?

आता ‘यम’. सैतानापेक्षा हा पुष्कळ बरा, पण पुरता बसत नाही. यम न्यायनिवाडा करतो, दूत धाडतो, सत्यवानाचे प्राण न्यायला स्वतः येतो. ग्रीकांकडे ही कामे वाटलेली आहेत. मरण आणतो थॅनॅटोस, वाट दाखवतो हर्मीस, आणि प्लेटोने सांगितलेले न्यायाधीश मायनॉस, ऱ्हाडामँथस आणि एआकस. हेडीस कुणाचा जीव घ्यायला येत नाही. आलेल्याला तो परत सोडत नाही, एवढेच. म्हणूनच ‘इलियड’मधला ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन म्हणतो की कशानेही न नमणारा हा देव माणसांना सर्वांत नकोसा आहे.

‘पाताळाचा राजा’ तर नकोच. आपले पाताळ मृतांचे नाही, ते नागांचे आणि बळीचे. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणणाऱ्या वाचकापुढे तो शब्द भलताच, आणि लाडका, राजा उभा करील.

नावाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण मला सर्वांत गोड वाटते ते हेच. ‘हेडीस’चा अर्थ जुन्या व्युत्पत्तीप्रमाणे ‘न दिसणारा’. भाषाशास्त्रज्ञांचे त्यावर एकमत नाही, पण ग्रीक लोक स्वतः तसे मानत. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ संवादात सॉक्रेटिस सांगतो की लोक या नावाला भितात, म्हणून त्याला ‘प्लूटोन’ म्हणतात. प्लूटोन म्हणजे संपत्ती देणारा, कारण धान्य आणि धातू जमिनीच्या पोटातूनच येतात. आपल्या ‘रत्नगर्भा’ या शब्दामागे हाच विचार आहे. १९३० मध्ये सापडलेल्या प्लुटोला नाव मिळाले ते याच भीतीपोटी घेतलेल्या गोड नावाचे.

मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. आपण नारळ ‘वाढवतो’, बांगडी ‘वाढवतो’, दुकानही ‘वाढवतो’. निघताना ‘येतो’ म्हणतो. रात्री सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतो. ज्या रोगाने गावेच्या गावे ओस पडत, त्याला आपण ‘देवी’ म्हटले. ज्याचे नाव घ्यायला जीभ कचरते, त्याला चांगले नाव द्यायचे, ही रीत ग्रीकांची आणि आपली एकच. सैतानाबद्दल असे कुणी बोलत नाही. त्याला शिव्या देतात. हेडीसबद्दल ग्रीकांना वाटे तो धाक होता, आणि धाकात आदर असतो.

तेव्हा उपशीर्षकात नाव ‘हेडीस’ असेच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘मृतांचा राजा हेडीस’ करा, पुढे नुसते नाव पुरेल. जागेचा उल्लेख असेल तिथे ‘अधोलोक’. एखाद्या पात्राने रागाने त्याला शिवी दिली असेल, तर तिथे खुशाल ‘सैतान’ लिहा, पण ते त्या पात्राचे मत म्हणून. आणि झ्यूस त्याला ‘भाऊ’ म्हणून हाक मारतो ती वाक्ये गाळू नका, जागा कितीही कमी पडली तरी.