कोरोनाने दवाखान्यात दगावलेले बहुतेक शुगर-बीपीवालेच होते ना?

बरेच होते, पण म्हणून ते शुगर-बीपीनेच गेले असं होत नाही. आणि असा शेवटी 'ना?' लावून विचारलं की माझं डोकं फिरतं, कारण हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून 2021 पासून ऐकतोय. "नाना शुगरनं गेले, आपल्या हातात काय होतं?" वर्षश्राद्धाला ऐकलं, भाचीच्या साखरपुड्यातही ऐकलं.

मी कराडकडे एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्या एप्रिलमध्ये सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी) आणि डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची) या रक्ततपासण्या लावता लावता जेवणाचा डबा न उघडताच घरी परत जायचा. आमच्या घरचे नाना 64 वर्षांचे. शुगरची गोळी चालू होती, बाकी धडधाकट. मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली तेव्हा म्हणाले, "ऊस तुटून जाऊ दे, मग बघू." ऊस गेला आणि ताप आला.

दुसऱ्याच दिवशी दाजींनी कुणा ओळखीच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर गोळ्यांची यादी मागवली. त्यात स्टिरॉइड होतं. तेव्हा नानांचा ऑक्सिजन 97 होता! व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने एक तृतीयांशाने कमी होतात, पण ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला काही फायदा नाही, झाला तर तोटाच, हे इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीतून जून 2020 मध्येच कळलं होतं. स्टिरॉइडने शुगर वाढते; नानांची 380 वर गेली. दाजी जिच्यावर खापर फोडतात ती शुगर ही.

पाचव्या दिवशी मी घरी जाऊन रक्त घेतलं, स्वतःच लावलं. सीआरपी 64. संध्याकाळी अंगणात सहा मिनिटं चालवलं तर ऑक्सिजन 95 वरून 91. मी म्हटलं, चला. दाजी म्हणाले, बोट गार पडलंय, दुसऱ्याला लाव. असं करत दहाही बोटं झाली. डाव्या अंगठ्याला 94 आलं आणि सगळे निवांत झाले. तोवर नाना खुर्चीत बसून पाच मिनिटं झाली होती, आकडा वर येणारच, हे मला कळत होतं. पण आईला अंगठ्याचाच आकडा हवा होता. तिच्या माहेरचं एक माणूस आदल्याच आठवड्यात दवाखान्यातून परत आलं नव्हतं.

आठव्या दिवशी नेलं तेव्हा ऑक्सिजन 84, श्वास मिनिटाला 32. तरी नाना बोलत होते, चहा मागत होते. या आजाराची ही खोडच होती, आतून ऑक्सिजन उतरायचा आणि माणसाला पत्ता नसायचा. पुढचे दोन दिवस दाजी रेमडेसिव्हिरसाठी कलेक्टर ऑफिसच्या यादीमागे पळाले. त्या इंजेक्शनने मृत्यूत फारसा फरक पडत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत आदल्या ऑक्टोबरातच दिसलं होतं. अकराव्या दिवशी सकाळी नाना गेले.

आता तुमचा प्रश्न. ब्रिटनमधल्या दवाखान्यांतल्या हजारो पेशंटवरून '4 सी' नावाचा एक तक्ता 2020 मध्येच तयार झाला. दाखल होतानाच्या आठ गोष्टी आणि एकूण 21 गुण. जितके गुण जास्त तितका मृत्यूचा धोका जास्त. वयाला 7 पर्यंत गुण. शुगर हा एकच जुना आजार असेल तर त्याला 1. पुरुष असण्यालाही 1, म्हणजे शुगरइतकाच! नुसत्या बीपीला गुणच नाहीत. बाकी श्वासाची गती, ऑक्सिजन, माणूस शुद्धीवर आहे का, रक्तातला युरिया, सीआरपी. आठात रक्ताच्या तपासण्या फक्त दोन. लॅबवाला असून सांगतो, डी-डायमरचा आकडा बघून रडणाऱ्या नातेवाइकांनी छातीकडे बघून मिनिटाचे श्वास मोजले असते तर जास्त कळलं असतं.

एका रात्री बसून मी नानांची बेरीज केली. आठव्या दिवशीची 13. ब्रिटनमध्ये 9 ते 14 गुणांच्या गटात साधारण तिघांतला एक दगावला होता. पाचव्या दिवशीच्या आकड्यांनी 7 येते, आणि 4 ते 8 च्या गटात साधारण दहांतला एक. शुगरचा 1 गुण दोन्ही बेरजांत आहे, दाजी. वय तेच, माणूस तोच. वाढले ते तीन दिवसांचे 6 गुण.

हे थोडं अर्धकच्चं आहे, मान्य. लवकर दाखल झालेल्याचा आजार अजून पुढे वाढायचा असतो, त्यामुळे 7 आले म्हणजे वाचलेच असते असं नाही. तक्ता पहिल्या लाटेतल्या ब्रिटनचा, आमच्याकडे डेल्टा आणि तिसऱ्या दवाखान्यात मिळालेला बेड. आणि शुगरने धोका वाढतो यात वाद नाही. लठ्ठपणाने, हृदयाच्या दुखण्यानेही वाढतो, किडनी खराब असेल तर चांगलाच वाढतो. मी डॉक्टर नाही.

तुमच्या घरचं कुणी गेलं असेल आणि म्हणून विचारत असाल, तर केसपेपरचं पहिलं पान काढा. दाखल होतानाचा ऑक्सिजन आणि श्वास बघा, ताप कितव्या दिवसापासून ते बघा. शुगर नंतर. आमच्या पानावर तिन्ही लिहिलंय. खाली नातेवाइकाची सही आहे, ती दाजींची नाही, माझी आहे.