रत्नागिरीत स्लॅबवर पाणी न घालता कोणती झाडं टिकतील?

घराच्या स्लॅबवर माती टाकून, उन्हाळ्यात पाणी न घालता टिकतील अशी झाडं तुम्ही विचारलीत. कोकणात उन्हाळ्याआधी आषाढाची काळजी करा. 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस चार महिन्यांत झोडपून जातो, मग जवळजवळ आठ महिने कोरडे. दोन्ही सोसणारं झाड नर्सरीत शोधू नका, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, बघा.

आमच्या घराचा स्लॅब दोन वाट्यांचा. धाकट्या भाऊजींनी मुंबईहून सेडमच्या, म्हणजे जाड पानांच्या बुटक्या रोपांच्या, चटया आणून मे महिन्यात अंथरल्या. थंड देशांत छपरांवर सेडमच लावतात, म्हणून. आषाढात मुळं कुजली आणि गणपतीला ते आले तेव्हा त्यांच्या वाट्यावर नुसतं शेवाळ. माझ्या वाट्यावर खाली जांभ्याची खडी, वर चार इंच माती, त्यात सड्यावरच्या गवताचं, तेरड्याचं, कवल्याचं बी, कडेला कोरफड नि पानफुटी. घोळ आपोआप आली, तिची भाजी होते. गणपतीत सगळं हिरवंगार, मध्ये पिवळी-गुलाबी फुलं.

तरी दर मे महिन्यात भाऊजींचं एकच, "वहिनी, जळलं की सगळं! काढा ते रान, पत्रा टाका." जळलेलं नाही ते. तेरडा, कवला बी टाकून मोकळे होतात, तेच बी पुढच्या पावसाची वाट बघत मातीत पडून असतं. सडासुद्धा मे महिन्यात असाच करपलेला असतो, मिरग लागला की हिरवा होतो. त्यावर पाणी घालणं म्हणजे विहीर फुकट उपसणं. शिवाय वाळलेल्या गवताखालची माती स्लॅबला थेट ऊन लागू देत नाही. पत्र्याखाली दुपारी बसून बघा.

हो, आधी वॉटरप्रूफिंग आणि इंजिनिअर. चार इंच माती भिजली की चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो भार येतो. पाणी निघायच्या पाइपांपाशी नुसती खडी ठेवा. पिंपळ-वडाची रोपं दिसताक्षणी उपटा. गवत बी गळल्यावर, शिमग्याच्या आधी कापा, ठिणगीची भीती असते. सड्यावरून बी आणा, कंद खणू नका. दीपकाडीसारखी कंदातून येणारी फुलं कोकण-गोव्याच्या सड्यांखेरीज फारशी कुठे नाहीत.

पत्र्याच्या खर्चात माझा वाटा मिळणार नाही, हे भाऊजींना मी सांगून टाकलंय.