शेवटचा शब्द कोणाचा?

“पैसे कमी मिळणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण या लिखाणापायी तीस वर्षांची मैत्री जाईल का, तेवढे सांगा.” मुंबईत समुपदेशन करताना, जम बसलेला पेशा सोडून मित्र-मैत्रिणींसोबत नवे काही करू पाहणाऱ्यांकडून ही काळजी मी अनेकदा ऐकली आहे. त्यांपैकी दोघींचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडते.

एक भूलतज्ज्ञ, दुसरी सनदी लेखापाल, दोघी पार्ल्याच्या. पन्नाशी उलटल्यावर काम थांबवून त्यांनी रहस्यकादंबऱ्या लिहायला घेतल्या. पहिली आनंदात पूर्ण झाली. दुसरीच्या सातव्या प्रकरणातील एक परिच्छेद लेखापाल मैत्रिणीने न विचारता गाळला आणि त्यानंतर तीन आठवडे दोघींचे बोलणे बंद होते.

पैसा हे भांडणाचे मूळ नव्हते. ३०० रुपये किमतीची १००० प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली आणि मानधन १० टक्के धरले, तर ३०,००० रुपये येतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला १५,००० पडतात, हा हिशेब त्यांनी पहिल्याच दिवशी मांडला होता. घरखर्चाची तजवीज वेगळी होती.

सुरुवातीच्या दोन बैठकांत मी त्यांना मोकळेपणाने बोलायला सांगितले, आणि ते चुकले. दोघींना भांडायला आणखी मुद्दे मिळाले. मग मी प्रत्येकीला स्वतंत्र भेटले. भूलतज्ज्ञ म्हणाल्या, “सर्जन कितीही मोठे असोत, रुग्णाला भूल देणे धोक्याचे आहे असे मी म्हटले की थांबावे लागायचे. इथे माझ्या वाक्यावर सरळ काट मारली जाते.” लेखापाल म्हणाल्या, “ताळेबंदावर माझी सही झाली की विषय संपायचा. इथे विषय संपतच नाही.” या दोन वाक्यांनी मला वाट दिसली. पेशा सोडताना आपण पगार आणि पद सोडतो हे सर्वांना कळते. परंतु आपल्या शब्दावर काम थांबण्याची किंवा पुढे सरकण्याची पंचवीस वर्षांची सवयही त्याच दिवशी सुटते, आणि तिची उणीव बहुतेकांना प्रथम जाणवते ती सर्वांत जवळच्या माणसाशी वाद घालताना.

इंग्रजी रहस्यकथांतील ‘एलरी क्वीन’ या एकाच टोपणनावामागे फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली हे नात्याने भाऊ असलेले दोघे होते. एक जाहिरातीच्या आणि दुसरा चित्रपट-प्रसिद्धीच्या व्यवसायातून आलेला. मुख्यतः डॅने कथानकाचा आराखडा रचत आणि ली तो शब्दांत उतरवत. त्यांची भांडणे कडाक्याची होती, तरीही १९२९ साली पहिले पुस्तक आलेली ही भागीदारी १९७१मध्ये ली यांचे निधन होईपर्यंत टिकली. हे उदाहरण मी दोघींना सांगितले ते भांडण टाळण्यासाठी नव्हे, तर कामाची वाटणी दाखवण्यासाठी.

त्यावरून त्यांनी स्वतःचा नियम केला : कथानकात शेवटचा शब्द एकीचा, भाषेत दुसरीचा, आणि पुढच्या पुस्तकाला अदलाबदल. दुसरीने हरकत समासात लिहावी, मजकुराला हात लावू नये. आठवड्यातून एकदा शिवाजी पार्कला फेरी मारायची आणि त्या वेळी कादंबरीचे नाव काढायचे नाही, हेही त्यांनीच ठरवले. मला ते नियमाइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण मैत्रीला लिखाणाबाहेर जागा उरली नव्हती.

लेखी करारासाठी मात्र मी त्यांना वकिलाकडे पाठवले. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार दोघांचे योगदान वेगळे काढता येत नसेल, तर ती संयुक्त कृती ठरते आणि तिचे हक्क शेवटच्या लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. म्हणजे आजची अस्पष्टता मुलांच्या पदरात पडते. मैत्रिणींमध्ये कसला करार, असे ज्यांना वाटते त्यांना मी कळकळीने सांगते की संबंध गोड असतानाच तो करावा.

सातव्या प्रकरणातील तो परिच्छेद निम्मा करून परत आला आणि दुसरी कादंबरी प्रकाशकाकडे गेली. करारातील एक कलम अजून रिकामे आहे : एकीने लिहिणे थांबवले, तर त्यांची गुप्तहेर नायिका कोणाकडे राहील? त्यावर दोघींचे एकमत झालेले नाही, आणि पुढच्या महिन्यात त्या त्याच कलमासाठी माझ्याकडे येणार आहेत.