बाबा दुबईत, बाळाचा पासपोर्ट पुण्यात कसा काढायचा?

सहा महिन्यांच्या बाळाचा पासपोर्ट वडील दुबईत असतानाही इथे निघतो. ॲनेक्शर डी, म्हणजे पालकांनी द्यायचं घोषणापत्र, लागतं, शिवाय वडिलांनी तिथल्या भारतीय वकिलातीतून प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून पाठवायचं. तेच आधी मागवा, वेळ त्यातच जातो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच चालतो. त्यावर बाळाचं नाव चढलंय का बघा. बारशाआधी काढलेल्या दाखल्यावर ती जागा बरेचदा कोरीच असते! महापालिकेतून भरून घ्या. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग तुमच्या पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा.

चार वर्षांखालच्यांचा फोटो घरूनच न्यायचा: पांढरी पार्श्वभूमी, ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर. झोपलेल्या बाळाचा नको, डोळे उघडे हवेत. फी १००० रुपये, आठ वर्षांखाली १० टक्के सूट. व्हिसाचं त्यानंतर.