वाचकांचे प्रश्न: फवारणीच्या विषबाधेचा रुग्ण धुवायचा कसा?

प्रश्न: आमच्या ग्रामीण रुग्णालयात पावसाळ्यात फवारणीची विषबाधा झालेले रुग्ण येतात. अंगाला कीटकनाशकाचा उग्र वास असतो, त्यांना हाताळणाऱ्यांचीही डोकी दुखू लागतात. कर्मचाऱ्यांसाठी तासभराचे व्याख्यान पुरेल का?

उत्तर: नाही. हे काम हाताने करूनच येते, आणि शिकवायचे ते फक्त सिस्टरना नव्हे. रुग्णाला पहिला हात लागतो तो फाटकावरच्या रखवालदाराचा, वॉर्डबॉयचा आणि नातेवाइकांचा.

20 मार्च 1995 रोजी टोकियोत सरीन वायूचा हल्ला झाला. सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी 640 रुग्ण आले. कपडे न उतरवताच त्यांना आत घेतले गेले आणि सुमारे 23 टक्के कर्मचाऱ्यांना त्रास झाला. सरीन आणि फवारणीतली ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे एकाच कुळातली. म्हणून धुण्याची जागा कॅज्युअल्टीच्या बाहेर, मोकळ्या हवेत ठेवा. कर्मचाऱ्यांनी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.

सर्वांत मोठा फायदा कपडे काढण्यात आहे. बहुतांश विष त्यांच्याबरोबरच जाते. शर्ट डोक्यावरून ओढू नका, तोंडाला लागतो. कात्रीने पुढून कापा, दुहेरी पिशवीत बांधून नाव लिहा. अशी केस एमएलसी (पोलिसांकडे नोंद होणारी वैद्यकीय-कायदेशीर केस) असते, त्यामुळे कपडे जाळायचे नाहीत. मग कोमट पाणी आणि साबण, डोक्यापासून खाली. घासू नका, गरम पाणी वापरू नका. दोन्हींमुळे विष कातडीत जास्त शिरते. डोळे 15 मिनिटे साध्या पाण्याने किंवा सलाइनने धुवा. श्वास अडखळत असेल तर धुणे संपायची वाट पाहू नका: एकाने श्वासमार्ग आणि अ‍ॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) पाहावे, बाकीच्यांनी धुवावे.

सरावासाठी गोडेतेलात हळद कालवून स्वयंसेवकाच्या मानेला, कानामागे, काखेत आणि नखांत लावा. नुसत्या पाण्याने ती निघत नाही, हे सगळ्यांना दिसते. साबणाने लाल झाली तर ती हळदच आहे, गोंधळू नका. धुऊन झाल्यावर जिथे रंग उरला, तिथे प्रत्यक्षात विष उरले असते. बहुधा कानामागे आणि केसांच्या मुळाशी सापडेल.

खरी चूक मात्र कर्मचाऱ्यांनी अंगावरचे संरक्षक साहित्य उतरवताना होते. तीच हळद हातमोजांवर लावून हा सराव वेगळा घ्या. क्रम असा: बाहेरचे हातमोजे, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, बूट, चष्मा, मास्क, शेवटी आतले हातमोजे. मनगटावर पिवळा डाग आला की पुन्हा पहिल्यापासून. समोर एक जण क्रम मोठ्याने वाचणारा हवाच. थकलेला माणूस आधी मास्कला हात घालतो.

प्रश्न: नेहमीचे लॅटेक्सचे हातमोजे आणि एन-95 चालतील का?

उत्तर: नाही. औषधातला द्रावक लॅटेक्समधून आरपार जातो. नायट्राइलचे दोन जोड घाला. एन-95 कण अडवतो, वाफ नाही. सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असेल तर तो बसत नाही.