आधी त्यांचा फोटो, मग तुमचा

प्रश्न : मी लग्नांचे फोटो काढतो. जोडपी मोबाइलवर पंचवीस-तीस नमुने घेऊन येतात आणि ‘अगदी असेच हवेत’ म्हणतात. मला छायाप्रकाशाचं, वेगळ्या चौकटीचं काम आवडतं. पण तसे फोटो दिले की ‘चेहरेच दिसत नाहीत’ अशी तक्रार येते. काय करावं?

उत्तर : तक्रार रास्त आहे, पण ती तुमच्या शैलीबद्दल नसावी. साध्या फोटोच्या जागी तुम्ही वेगळा फोटो देता, म्हणून ती येते. क्रम बदला. प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी आधी स्वच्छ फोटो घ्या. डोळे फोकसमध्ये, शटर १/२०० सेकंदाच्या आसपास. तो हाती आला की खुशाल प्रयोग करा. सिल्हूट, म्हणजे उजळ आकाशापुढची काळी आकृती, हवं असेल तर एक्स्पोजर (फोटोतल्या उजेडाचं प्रमाण) मागच्या आकाशावर धरा आणि दोन चेहऱ्यांमध्ये फट ठेवा, नाहीतर दोन्ही डोकी मिळून एकच काळा गोळा दिसतो. नाचातली गती पकडायची तर शटर १/१५ सेकंद आणि फ्लॅश रिअर कर्टनवर, म्हणजे शटर बंद होता होता उडणारा. यात बरेच फोटो फुकट जातात, म्हणून एकदाच घडणाऱ्या विधीवर हा प्रयोग कधीही नको.

नमुन्यांतले पाचच निवडायला सांगा आणि प्रत्येकात नेमकं काय आवडलं ते विचारा. पुष्कळदा पोजपेक्षा मऊ उजेड किंवा मोकळी पार्श्वभूमी आवडलेली असते. ते कळलं की तुमच्या पद्धतीनेही देता येतं. जे जमणार नाही तेही त्याच बैठकीत सांगा. संध्याकाळचा सोनेरी उजेड भर दुपारच्या फोटोत एडिटिंगने येत नाही. डोळ्यांखालच्या सावल्या तशाच राहतात आणि त्वचा मात्र नारिंगी होते. तोच फोटो हवा असेल तर सूर्यास्तापूर्वीची २० मिनिटं वेळापत्रकात आधीच राखून घ्या.

ग्रुप फोटोंना कमी लेखू नका; घरच्यांसाठी तेच सर्वांत मोलाचे असतात. यादी लेखी घ्या, माणसं गोळा करायला एक नातेवाईक नेमा, दर ग्रुपला तीन मिनिटं धरा. दोन रांगा असतील तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ ते एफ/८. एफ/२ वर मागची रांग पुसट होते. प्रत्येक ग्रुपचे चार-पाच फोटो घ्या, कारण कुणीतरी डोळे मिटतंच.

प्रश्न : माझी शैली आवडणारीच जोडपी माझ्याकडे यावीत, यासाठी काय करू?

उत्तर : पोर्टफोलिओत निवडक फोटोंबरोबर एक अख्खं लग्न दाखवा, अंधाऱ्या हॉलमधल्या फोटोंसकट. लोक जे पाहतात तेच मागतात. एडिटिंग कोणत्या रंगछटेत होईल, किती फोटो मिळतील आणि रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, एडिट न केलेल्या फाइल्स) देणार की नाही, हे करारात लिहा. कृष्णधवल फोटो देत असाल तर त्याची रंगीत प्रतही सोबत द्या.