आठ गॉब्लिन, एक ओगर आणि एकट्या डीएमचं डोकं

तुम्ही लिहिलंय की डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या गोष्टीच्या खेळाची पाचवी आवृत्ती, म्हणजे २०१४ ची पुस्तकं, घेऊन खेळताय. खेळाडू पाच. आठ गॉब्लिन (छोटे राक्षस) आणि एका ओगरची (धिप्पाड राक्षसाची) लढाई अडीच तास चालली, मधेच पाळी कोणाची यावरून गोंधळ झाला, मेलेला गॉब्लिन पुन्हा वार करून गेला आणि दोघं जण मोबाइल बघत बसले. आता नियम कमी करावेत का, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत : नियमांना हात लावू नका. दहा वर्षं डीएम म्हणून, म्हणजे गोष्ट सांगत राक्षसांच्या बाजूनं खेळणारा म्हणून बसतोय, आणि लढाई रखडते ती बहुतेक वेळा डीएमनं सगळा हिशोब डोक्यात धरून ठेवल्यामुळे, हे मी माझ्याच टेबलावर पुन्हा पुन्हा पाहिलंय. पाळ्या, हिट पॉइंट (कोण किती मार सोसू शकतो तो आकडा), कोणाचा स्पेल, म्हणजे जादूमंत्र, चालू आहे, कोण विषबाधित आहे हे सगळं टेबलावर मांडा, पाचही जणांना दिसेल असं. तुमच्या डोक्यात फक्त एकच गोष्ट राहू द्या : या राक्षसांना आत्ता काय हवंय.

सुरुवात पाळ्यांपासून. जाड कागदाच्या पट्ट्या कापा, मधोमध दुमडा आणि डीएमच्या पडद्यावर, म्हणजे तुमच्यासमोरच्या पुठ्ठ्याच्या आडोशावर, ओळीनं अडकवा. खेळाडूंच्या बाजूला पात्राचं नाव, तुमच्या बाजूला नाव आणि आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला फाशावर जो आकडा गाठावा लागतो तो. इनिशिएटिव्हचे, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारे फासे पडले की पट्ट्या त्या क्रमानं लावायच्या. कोणी पाळी राखून ठेवली तर पट्टी तिरकी करायची. वहीत यादी लिहिली तर ती तुम्हालाच दिसते आणि मग ‘आता कोण?’ हा प्रश्न दर वेळी तुमच्याकडेच येतो.

पाळी पुकारताना एक नाव घेऊ नका, दोन घ्या. ‘आता फायटर (योद्धा), तयारीत क्लेरिक (पुजारी).’ क्रिकेटमध्ये पुढचा फलंदाज पॅड बांधून बसलेला असतो, तसं. या एका सवयीनं माझ्या टेबलावर जेवढा वेळ वाचला तेवढा दुसऱ्या कशानंच वाचला नाही. ‘थांबा हं, मी स्पेल बघतो’ हे वाक्य स्वतःच्या पाळीत बोललं जातं तिथेच मिनिटं जातात. गोष्टीत एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, सहा सेकंदांचा. टेबलावर तो दहा-बारा मिनिटांत संपला तर उत्तम.

आता तुमचे आठ गॉब्लिन. प्रत्येकाचं इनिशिएटिव्ह वेगळं टाकलंत का? मग पाच खेळाडू आणि ओगर धरून चौदा पाळ्या झाल्या. एकसारख्या राक्षसांसाठी एकच फासा टाकायचा, हे नियमातच आहे. मी आठांचे दोन गट करतो : चार तलवारवाले, चार धनुष्यवाले. पाळ्या आठवर येतात. गटाची पाळी आली की वीस बाजूंचे चार फासे एकदम टाकायचे, डावीकडून उजवीकडे वाचायचे. वार लागला तर नुकसानीचा फासा टाकायचाच नाही. गॉब्लिनच्या नोंदीत तलवार आणि धनुष्य दोन्हींपुढे सरासरी ५ लिहिलेली आहे, तीच घ्यायची. ओगरच्या सोट्याची सरासरी १३ आहे, पण तिथे मी फासे टाकतो. ओगरचा फटका बसताना सगळ्यांचा श्वास रोखलेला असतो, तो क्षण सरासरीत घालवायचा नसतो.

राक्षसांसाठी महागड्या मूर्ती नकोत. कॅरमच्या सोंगट्या घ्या, कागदी टेप चिकटवून त्यावर १ ते ८ आकडे टाका. पांढऱ्या तलवारवाल्या, काळ्या धनुष्यवाल्या. वहीत तेच आकडे. मेलेल्याची सोंगटी लगेच उचलून डबीत टाका, म्हणजे मेलेला पुन्हा वार करणार नाही.

हिट पॉइंट वजा करत बसू नका. शून्यापासून नुकसान वाढवत न्या. बेरीज वजाबाकीपेक्षा पटकन होते आणि चुकतही कमी. गॉब्लिनचे हिट पॉइंट ७, ओगरचे ५९. आकडा तिथे पोचला की संपला. फायरबॉल, म्हणजे एकदम अनेकांना भाजणारा आगीचा स्पेल, पडला तर आधी नुकसानीचे फासे टाकायला सांगा, कारण ते सगळ्यांसाठी एकदाच टाकतात. बेरीज १४ किंवा जास्त आली तर फासा टाकून बचाव साधलेला गॉब्लिनही अर्ध्या नुकसानीत, म्हणजे निदान ७ मध्ये, मरतोच. मग त्यांच्यासाठी बचावाचा एकही फासा टाकू नका, सगळ्या सोंगट्या उचला. खेळाडूच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो.

खेळाडूंना कामं वाटून द्या. एकानं पट्ट्या सरकवायच्या, एकानं परिणामांच्या खुणा ठेवायच्या, एकानं पुस्तक हाताळायचं. मोबाइल बघत बसलेल्या त्या दोघांना आधी काम द्या. हातात काम असलं की लक्ष आपोआप पटावर राहतं.

परिणामांच्या खुणांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे मी स्वतः चुकलोय. एका लढाईत क्लेरिकनं ब्लेस टाकला होता, म्हणजे साथीदारांना चार बाजूंचा जादा फासा देणारा स्पेल. नंतर तिनं दुसरा एकाग्रतेचा स्पेल टाकला. असे स्पेल एका वेळी एकच चालू ठेवता येतात, म्हणजे ब्लेस तिथेच संपायला हवा होता. पुढचे तीन राउंड आम्ही सगळे तो जादा फासा टाकत राहिलो. लक्षात आलं तेव्हा त्या फाशामुळे ओगर मेलेला होता आणि काय मागे घ्यायचं यावर वीस मिनिटं वाद झाला. त्यात लढाईचा सगळा ताण विरून गेला, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून बाटलीच्या झाकणाखाली राहते ती प्लास्टिकची रिंग मी मूर्तीवर अडकवतो. रिंग एका पात्राची एकच. एकाग्रतेचा नवा स्पेल टाकायचा तर जुनी काढावी लागते, हात आपसूक आठवण करून देतो. त्या पात्राला फटका बसला की रिंग बघायची आणि स्पेल टिकतो का हे ठरवायला कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा बचाव मागायचा. फाशावर गाठायचं लक्ष्य १० किंवा नुकसानीचं अर्धं, यातलं जे मोठं ते. म्हणजे नुकसान २२ च्या खाली असेल तर गणित नकोच, १०.

नियमावरून वाद झाला तर मी एक मिनिट देतो. पुस्तकात सापडलं तर ठीक, नाहीतर खेळाडूच्या बाजूनं निर्णय देऊन पुढे जातो आणि खेळ संपल्यावर सगळे मिळून बघतो.

खेळाडू अगदी नवे असतील तर बाजूवार इनिशिएटिव्हही चालतं : दोन्ही बाजूंनी एकेक फासा, जिंकेल ती बाजू सगळी आधी. १९८१ च्या बेसिक नियमांत असंच होतं. पण पात्रं पहिल्या पातळीवर, म्हणजे अगदी कच्ची असताना जपा, आठ गॉब्लिन एकापाठोपाठ वार करून गेले तर नाजूक विझर्ड (जादूगार) उभा राहत नाही.

आणि लढाई शेवटच्या गॉब्लिनपर्यंत ओढू नका. गॉब्लिन ओगरच्या जिवावर शूर असतात. ओगर पडला, चार सोंगट्या डबीत गेल्या, की उरलेल्या चौघांतले दोघं धनुष्य टाकून पळतील, एक गुडघ्यावर येईल. चौथा कुठे पळाला हे सांगू नका. पुढच्या खेळात तो कोणाला घेऊन परत येतो, ते तुम्ही ठरवा.